हुदहुदचे ऐकणारा राजा



आपल्यापैकी अनेकांच्या घरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. आजोबा मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर उभे राहत किंवा कोकणातून जहाजावर खलाशी म्हणून जात. वडिलांनी शिक्षकाची नोकरी पत्करली किंवा एखाद्या कचेरीत कारकुनी केली. आणि आज त्याच घरातील मुलगी पुण्यात एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत दहा जणांच्या गटाची प्रमुख आहे, मुलगा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा विभाग सांभाळतो आहे, सून कनिष्ठ महाविद्यालयाची उपप्राचार्या झाली आहे. ही अल्लाहची कृपा आहे आणि तिच्याबद्दल त्याचे जितके आभार मानावेत तितके थोडेच आहेत.

परंतु प्रत्येक कृपेबरोबर एक जबाबदारी येते आणि या जबाबदारीविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. मुलांना आपण शिकवले की नोकरी प्रामाणिकपणे करा, लाच घेऊ नका, वेळेवर जा, नमाज सोडू नका. हे सर्व योग्यच होते. मात्र ते शिक्षण नोकराचे होते. ज्या दिवशी तेच मूल ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ होते, त्याच्या हाताखाली पाच-दहा माणसे येतात, त्या दिवसापासून त्याने कसे वागावे, याचे शिक्षण आपण दिले आहे काय?

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून आलेली एक सुप्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि ज्याच्या राखणीत जे सोपविले आहे त्याविषयी त्याला विचारणा होणार आहे. त्यात शासक आहे, घरातील पुरुष आहे, घरातील स्त्री आहे, इतकेच नव्हे तर मालकाचे धन सांभाळणारा सेवकही आहे. म्हणजे पद लहान असो वा मोठे, विचारणा टळत नाही. कंपनीतील वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठ आपल्याला विचारतो की काम किती झाले. कयामतच्या दिवशीच्या मूल्यमापनात विचारले जाईल की ज्या माणसांकडून ते काम करवून घेतले त्यांच्याशी कसे वागलात.

मुकादम आणि आजचा प्रमुख

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. यंत्रमागाच्या कारखान्यातील मुकादमाला त्याच्या हाताखालच्या कारागिराचे काम डोळ्यांनी दिसत असे. कापड बोटाने चाचपले की कोठे धागा तुटला, कोठे वीण सैल पडली, हे त्याला कळे, कारण तो स्वतः वीस वर्षे मागावर उभा राहिलेला असे. त्याला कारागिरापेक्षा अधिक ठाऊक होते आणि म्हणूनच तो मुकादम होता.

आज परिस्थिती बदलली आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी अशा माणसांसाठी ‘नॉलेज वर्कर’ म्हणजे ज्ञानावर काम करणारा हा शब्द वापरला होता. अभियंता, शिक्षक, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, हिशेब तपासणारा, संगणकाची आज्ञावली लिहिणारा या सर्वांचे अवजार त्यांच्या डोक्यात असते. ते काय करीत आहेत हे बाहेरून दिसत नाही. आणि त्यांच्या विशिष्ट कामाविषयी त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा त्यांच्या प्रमुखाला ठाऊक नसते. परिचारिकेला रात्री तीन वाजता रुग्णाच्या चेहऱ्यावरचा जो बदल दिसतो, तो मोठ्या डॉक्टरांना सकाळच्या फेरीत दिसेलच असे नाही.

म्हणजे आजच्या प्रमुखाची कसोटी ‘मला सर्वांत जास्त कळते’ ही राहिलेली नाही. माझ्यापेक्षा ज्याला अधिक कळते, पण जो माझ्यापेक्षा लहान पदावर आहे, तो माझ्यासमोर येऊन निर्भयपणे बोलू शकतो काय, ही त्याची कसोटी आहे. ही गोष्ट नवी वाटते. परंतु दिव्य कुरआनने ती एका छोट्याशा पक्ष्याच्या रूपाने आपल्यासमोर कधीच मांडून ठेवली आहे.

हुदहुदचा प्रसंग

सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्या राज्याचे वर्णन आहे. जिन्न, माणसे आणि पक्षी अशा तिन्ही प्रकारच्या त्यांच्या फौजा होत्या. एके दिवशी त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा हुदहुद, म्हणजे डोक्यावर तुरा मिरवणारा तो लहानसा पक्षी, त्यांना दिसला नाही. आयत 20 ते 28 मध्ये पुढची हकिकत आहे. ती वाचताना पाच गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट ही की इतक्या अफाट फौजेत एक लहान पक्षी नाही, हे त्या बादशहाच्या लक्षात आले. ज्याला आपली माणसे केवळ संख्या वाटतात त्याला कोण नाही हे कळत नाही. आणि विचारतानाही त्यांनी आधी स्वतःकडे शंका घेतली, की मलाच तो दिसत नाही की तो खरोखरच गैरहजर आहे.

दुसरी गोष्ट, त्यांनी शिस्तीचा धाक दाखविला. कठोर शिक्षेचा इशाराही दिला. पण त्याच वाक्यात दार उघडे ठेवले, की त्याने स्पष्ट कारण समोर ठेवले तर गोष्ट वेगळी. शिस्त आणि न्याय यांतील फरक एवढाच आहे. शिस्त शिक्षा ठरविते, न्याय आधी कारण विचारतो.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. थोड्याच वेळात हुदहुद आला आणि त्याने बोलायला सुरुवात केली ती कशी? माफी मागून नव्हे. त्याने आपल्या बादशहाला, अल्लाहच्या प्रेषिताला, सरळ सांगितले की मला अशी एक गोष्ट कळली आहे जी आपल्याला ठाऊक नाही, आणि मी सबाहून पक्की खबर घेऊन आलो आहे. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. आपल्या कचेरीतील सर्वांत कनिष्ठ माणूस भर बैठकीत आपल्याला असे म्हणाला तर आपला चेहरा कसा होईल? हजरत सुलैमान (अ.) यांना अल्लाहने पक्ष्यांची भाषा शिकविली होती, वारा त्यांच्या आज्ञेत दिला होता. तरीही हुदहुदला हे शब्द उच्चारताना भीती वाटली नाही. ही गोष्ट हुदहुदच्या धैर्याची तर आहेच, पण त्याहून अधिक ती त्या दरबाराच्या वातावरणाची आहे.

चौथी गोष्ट, त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. सबाची राणी, तिचे भव्य सिंहासन, तिच्या प्रजेची सूर्यपूजा हे सारे त्याने सांगितले आणि मध्ये कोणी त्याला अडविले नाही. पण ऐकणे म्हणजे डोळे मिटून मानणेही नव्हे. त्यांनी म्हटले की तू खरे बोलतोस की खोटे हे आम्ही पाहू. म्हणजे पडताळणी झाली, अपमान झाला नाही.

आणि पाचवी गोष्ट, पत्र पोहोचविण्याचे काम त्यांनी त्याच हुदहुदवर सोपविले. खबर आणली त्याने आणि काम दिले दुसऱ्याला, श्रेय घेतले तिसऱ्याने, असे झाले नाही. त्या एका पत्रातून पुढे जे घडले त्याची अखेर सबाच्या राणीने अल्लाहपुढे शरण जाण्यात झाली. एका राष्ट्राला मार्गदर्शन मिळाले आणि त्याची सुरुवात एका लहान पक्ष्याचे बोलणे ऐकून घेण्यात होती.

एक कबुली

हे लिहिणाऱ्याने ही आयत अनेकदा वाचली होती. पण तिचा अर्थ त्याला एका चुकीनंतर कळला. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात परीक्षा विभागाचा प्रमुख होतो. निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी विभागातील सर्वांत तरुण साहाय्यक माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला की एका विषयाच्या तक्त्यात प्रात्यक्षिकाच्या गुणांचा रकाना सरकल्यासारखा वाटतो. मी मान वर न करता म्हणालो, “संगणक चुकत नाही. तुम्ही तुमचे काम करा.”

निकाल लागला. तीसहून अधिक विद्यार्थी त्या विषयात नापास दाखविले गेले. चूक उघडकीस येऊन दुरुस्त निकाल लागेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत एका मुलीच्या घरी तिचे शिक्षण थांबविण्याची बोलणी झाली होती, हे मला नंतर समजले. मी त्या साहाय्यकाला विचारले की तुम्ही पुन्हा येऊन आग्रहाने का सांगितले नाही. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, आपण ‘तुमचे काम करा’ म्हणालात. मी माझे काम केले.”

त्याने मला टोमणा मारला नव्हता. तो खरेच सांगत होता. मी त्याला त्याच्या ज्ञानाचा वापर करण्यास मनाई केली होती आणि त्याने ती पाळली होती. त्या रात्री मला हुदहुद आठवला. हजरत सुलैमान (अ.) यांच्या दरबारात जे एका पक्ष्याला शक्य होते ते माझ्या टेबलाजवळ एका सुशिक्षित माणसाला शक्य नव्हते. त्या मुलीच्या घरची ती चार दिवसांची बोलणी माझ्या राखणीतील गोष्ट होती आणि तिच्याविषयी मला विचारले जाणार आहे.

माझी चूक चार दिवसांत दुरुस्त होऊ शकली. सर्वच चुका दुरुस्त होत नाहीत. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्यू पावले. त्यांत एक शाळेतील शिक्षिका होती. चौकशीत उघड झाले की यानाच्या रॉकेटमधील रबरी कडी थंडीत नीट काम करणार नाही, म्हणून उड्डाण करू नये, असे त्या रॉकेटच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितले होते. त्यांना ठाऊक होते. त्यांनी सांगितलेही. पण वरच्या व्यवस्थापकांनी त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले. हुदहुद खबर घेऊन आला होता. दरबाराने ती घेतली नाही.

याच्या उलट बाजूही अभ्यासकांनी पाहिली आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. तिची अपेक्षा अशी की चांगल्या गटांत चुका कमी असतील. प्रत्यक्षात चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्याचा उलगडा तिने असा केला की तेथील परिचारिका चुकीविषयी मोकळेपणाने बोलत होत्या. जेथे प्रमुखाची दहशत होती तेथे चुका लपविल्या जात होत्या. म्हणून ज्या प्रमुखाच्या विभागात कधीच कोणी चूक कबूल करीत नाही, त्याने समाधान मानू नये. त्याने काळजी करावी.

प्रेषितांचा (स.) आदर्श

आता आपण त्या जीवनाकडे वळू ज्यात आपल्यासाठी उत्तम आदर्श आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दिव्य प्रकटन होत असे. त्यांना कोणाच्या सल्ल्याची काय गरज होती? तरीही हिजरी सन 5 (इ.स. 627) मध्ये मदीनेवर शत्रूच्या संयुक्त फौजा चालून आल्या तेव्हा खंदक खोदण्याचा सल्ला हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा होता. अरबांना ही युद्धपद्धती परिचित नव्हती. इराणमधून आलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाला ती ठाऊक होती. सल्ला स्वीकारला गेला आणि प्रेषितांनी (स.) स्वतः माती वाहिली, इतकी की त्यांचे पोट धुळीने माखले होते, असे बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. पुढच्याच वर्षी हुदैबियाच्या तहानंतर सहाबा दुःखाने इतके खिन्न झाले होते की कुर्बानीची आज्ञा ऐकूनही कोणी उठेना. तेव्हा उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की आपण कोणाशी काही न बोलता बाहेर जाऊन स्वतःची कुर्बानी करावी. प्रेषितांनी (स.) तसे केले आणि सर्व जण उठले. बैठकीत स्त्री सहकाऱ्याचे म्हणणे ऐकू न आल्यासारखे करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

मुस्लिमच्या हदीससंग्रहात खजुराच्या परागीकरणाचा प्रसंग आहे. मदीनेचे लोक नर झाडाचा मोहोर मादी झाडाला लावत. प्रेषितांनी (स.) सहज म्हटले की याचा काही उपयोग होत असेल असे मला वाटत नाही. लोकांनी ते करणे सोडले आणि पीक कमी आले. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की ते माझे केवळ अनुमान होते, आणि आपल्या ऐहिक व्यवहारातील गोष्टी तुम्ही अधिक जाणता. धर्माच्या आज्ञेत त्यांचा शब्द अंतिम आहे. पण शेतीच्या कसबात त्यांनी शेतकऱ्याच्या ज्ञानाला मान दिला. ज्यांच्या पायाखालच्या धुळीची आपल्याला सर नाही, त्यांना ‘हे तुम्हाला अधिक कळते’ म्हणण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

नुकसान झाल्यानंतरही सल्लामसलत

काही जण म्हणतील, आम्ही विचारून पाहिले, लोकांचे ऐकले आणि तोटा झाला. आता आम्ही कोणाला विचारीत नाही. या युक्तिवादाचे उत्तर उहुदच्या मैदानात आहे.

हिजरी सन 3 (इ.स. 625) मध्ये मक्केची फौज आली तेव्हा प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल मदीनेत राहून लढण्याकडे होता. सल्लामसलतीत अनेकांनी, विशेषतः तरुणांनी, बाहेर पडून लढण्याचा आग्रह धरला. त्यांनी तो मानला. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी निर्णय बदलण्याची तयारी दाखविली, परंतु चिलखत चढविल्यावर प्रेषितांनी (स.) माघार घेतली नाही. कारण सल्लामसलत म्हणजे रोज निर्णय बदलणे नव्हे. ऐकावे सर्वांचे, ठरवावे जबाबदारीने आणि ठरविल्यावर अल्लाहवर भरवसा ठेवून त्यावर टिकावे.

युद्धात पुढे काय झाले ते आपण जाणता. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आज्ञा मोडून जागा सोडली आणि जिंकत आलेली लढाई उलटली. सत्तर सहाबा शहीद झाले. प्रेषितांचे (स.) काका हजरत हमजा (रजि.) गेले. स्वतः त्यांचा चेहरा रक्तबंबाळ झाला.

आता सांगा, अशा वेळी कोणताही सेनापती काय करील? दोषींना शासन करील आणि पुन्हा कोणाला विचारणार नाही. पण याच पार्श्वभूमीवर सूरह आले इम्रानची 159वी आयत अवतरली. तिचा आशय असा की अल्लाहच्या कृपेमुळेच आपण या लोकांशी मृदू वागता. आपण कठोर आणि पाषाणहृदयी असता तर हे लोक आपल्या भोवतालून पांगले असते. म्हणून त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा आणि कामकाजात त्यांच्याशी सल्लामसलत करा. मग निर्धार झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा.

लक्षात घ्या, ज्यांच्या चुकीने सत्तर प्राण गेले त्यांना माफ करण्याची आणि त्यांच्याशीच पुन्हा सल्लामसलत करण्याची ही आज्ञा आहे. आपल्या विभागात एखादी मुदत चुकली, एखाद्या अहवालात चूक राहिली, ग्राहक नाराज झाला, याहून ती चूक मोठी नव्हती काय? आणि आयतीत कठोरपणाचा परिणाम कोणता सांगितला आहे? लोक पांगतील. नोकरीच्या बाजारात हे अक्षरशः घडते. चांगली माणसे राजीनामा देऊन निघून जातात. जी राहतात त्यांचे शरीर खुर्चीवर असते. मन कधीच पांगलेले असते.

ज्ञानाच्या मागे माणूस आहे

एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. माणसाचे ज्ञान उपयोगी आहे म्हणून त्याच्याशी गोड बोलावे, असा कोणी याचा अर्थ घेईल. तो इस्लामचा अर्थ नाही. तो केवळ हुशार व्यापार झाला. सहकाऱ्याला मान द्यायचा तो तो अल्लाहचा दास आणि आपला बांधव आहे म्हणून, मग तो मुस्लिम असो की अन्य धर्माचा, त्याची सूचना उपयोगी असो की नसो.

हजरत अबू जर्र (रजि.) यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले. प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. पुढे त्यांनी जी शिकवण दिली तिचा आशय असा की तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत. जे स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, जे स्वतः नेसता ते त्यांना नेसवा, त्यांच्यावर न झेपणारा भार टाकू नका आणि टाकलाच तर स्वतः मदतीला उभे राहा. ही शिकवण त्या काळच्या गुलाम आणि सेवकांविषयी होती. मग करार करून, पदवी घेऊन आपल्याकडे आलेल्या स्वतंत्र माणसाचा हक्क किती मोठा असेल! रात्री अकरा वाजता ‘उद्या सकाळी हवे’ असा संदेश पाठवून स्वतः झोपी जाणारा प्रमुख या कसोटीवर कोठे उभा राहतो, हे त्याने स्वतःच ठरवावे.

हजरत अनस (रजि.) यांनी बालपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. ते सांगतात की त्या दहा वर्षांत त्यांनी कधी मला वैतागून ‘उफ्’ म्हटले नाही, केलेल्या कामाबद्दल ‘असे का केलेस’ आणि न केलेल्या कामाबद्दल ‘का केले नाहीस’ असे दरडावले नाही. दहा वर्षे! आपल्यातील कोणी दहा दिवस तरी असे राहू शकेल काय?

आणि हे केवळ मोठ्या कंपन्यांसाठी नाही. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्था, दवाखाने, मदरसे यांच्याकडेही पाहा. तेथे अनेकदा संस्थाचालक शिक्षकाला गड्यासारखे वागवितो, पगार महिनोन्महिने अडवितो आणि वर खिदमतीच्या सवाबाची आठवण करून देतो. बुखारीतील एका हदीसमध्ये अल्लाहने तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः प्रतिवादी होण्याचा इशारा दिला आहे. त्यांतील एक तो आहे जो मजुराकडून पुरेपूर काम घेतो आणि त्याची मजुरी देत नाही. सवाबाचे नाव घेतल्याने पगाराचे देणे फिटत नाही.

या आठवड्यात काय करावे

उपदेश तेव्हाच उपयोगी जेव्हा तो कृतीत उतरतो. म्हणून ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस काम करीत असेल त्याने या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात.

पुढच्या बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी मांडावे आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला सर्वांत आधी बोलू द्यावे. मोठ्याने आधी मत दिले की बाकीचे मान डोलावतात. मग ती सल्लामसलत राहत नाही.

कोणी चूक कबूल करण्यास आला तर पहिले वाक्य ‘बरे झाले सांगितलेत’ हे असावे. कारण नंतर विचारावे, उपाय त्यानंतर शोधावा. आणि समज द्यायची असेल तर ती एकांतात द्यावी, कौतुक मात्र चारचौघांत करावे.

तिसरी गोष्ट अवघड आहे. ज्याचे म्हणणे आपण कधी झिडकारले आणि नंतर तो बरोबर निघाला, अशा एका माणसाकडे जाऊन त्याची क्षमा मागावी. मी त्या साहाय्यकाकडे गेलो तेव्हा माझे पाय जड झाले होते. तो उठून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानंतर त्या विभागात असेपर्यंत मला अशी अनेक वाक्ये ऐकायला मिळाली ज्यांची सुरुवात ‘सर, एक गोष्ट जरा पाहाल का’ अशी होती. त्यांतील निम्म्या वेळा माझी चूक होती.

मुस्लिमच्या संग्रहात हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून प्रेषितांची (स.) एक दुआ आली आहे. तिचा आशय असा की हे अल्लाह, माझ्या उम्मतीच्या कोणत्याही कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती आली आणि त्याने लोकांना जाचले, त्याच्याशी तू कठोर वाग. आणि ज्याने त्यांच्याशी नरमाई दाखविली, त्याच्याशी तू नरमाईने वाग. या दुआच्या दोन बाजू आहेत. आपण कोणत्या बाजूला आहोत हे आपल्या हाताखालची माणसे जाणतात आणि अल्लाह जाणतो.

हे अल्लाह, तू ज्यांना आमच्या राखणीत दिले आहेस त्यांच्याविषयी आमची अंतःकरणे मृदू कर. जे आम्हाला ठाऊक नाही ते सांगणाऱ्याचे ऐकून घेण्याची नम्रता दे. आमच्यामुळे ज्यांची मने दुखावली त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य दे आणि त्या दिवसापूर्वी दे, ज्या दिवशी क्षमा मागण्याची संधी उरणार नाही. आमीन.